उत्तरेच्या बाणातले दोन ठिपके

भाची आली ती नेहमीसारखी दारातूनच "मावशी, चहा टाक" असं ओरडत आली नाही. आत येऊन खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. लहानपणी प्रगतिपुस्तकावर लाल शेरा असला की ती अशीच बसायची. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून मीच तिला वाढवलं, म्हणून तिचं बसणं मला वाचता येतं. या वेळी लाल शेरा माझ्या पुस्तकावर होता, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

तिने पिशवीतून घडी केलेला जुना नकाशा काढला आणि माझ्या पलंगावर पसरला. अमोनियावर काढलेली प्रत, जांभळट रेघांची, घड्यांवर विरलेली.

"ओळखतेस?"

"न ओळखायला काय झालं? शीट नंबर सतरा. आपली गल्ली आहे तो भाग. कुठे सापडला?"

"रेकॉर्डरूममध्ये. मूळ मोजणीचे कागद वाळवीने खाल्ले, हाच एक उरलाय." तिने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मावशी, या बाणाच्या शेपटीत दोन ठिपके आहेत."

मी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

नगररचना खात्याच्या नकाशाखोलीत आम्ही सातजण ट्रेसर होतो. मोजणीवाल्यांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, त्यावर खडूची पूड चोळायची आणि मग शाईने एकेक रेघ गिरवायची, हे आमचं काम. सगळं शहर आमच्या हाताखालून गेलं. पण नकाशावर सही साहेबांची असायची, आमचं नाव कुठेच नसायचं. आमचे हेड ट्रेसर दिवसभर ब्लेड घेऊन आमच्या चुका खरवडत बसत, म्हणून त्यांना आम्ही ब्लेडसाहेब म्हणायचो. त्यांनी एक रीत पाडली होती. ज्याने कापड गिरवलं त्याने उत्तर दाखवणाऱ्या बाणात आपली खूण सोडायची. कुणाची एक आडवी रेघ, कुणाचं टोक पोकळ. माझे शेपटीत दोन ठिपके. वरच्या साहेबांना याचा पत्ता नव्हता. चूक सापडली की ब्लेडसाहेब बाण बघायचे आणि एक शब्द न बोलता त्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. ते उभे राहणं शिव्यांपेक्षा वाईट.

भाचीच्या वह्यांवर मी नावाऐवजी तोच बाण काढून द्यायची. तिचे फ्रॉकसुद्धा ट्रेसिंगच्या कापडाचे असत. फसलेलं कापड घरी नेऊन गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि आतून तलम सुती कापड निघतं. कितीही धुतलं तरी एखादी रेघ राहायचीच. शेजारची इस्त्रीवाली ते फ्रॉक टेबलावर पसरून म्हणायची, "तुझ्या पोरीच्या पोटावरून बस जाते बघ. स्टॉप कुठाय, बेंबीपाशी का?"

ती भाची आता पन्नाशीला आली आहे आणि त्याच नगररचना खात्यात मोठी अधिकारी आहे.

"यावर ओढा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मूळ कागदावर होता?"

"चहा टाकते," मी म्हटलं.

"मावशी, बस खाली."

मी बसले. तिने सगळं सांगितलं. शहराचा नवा आराखडा तयार होत होता. शहराने आपलं आपण बदलायचं, सिमेंट फोडून माती मोकळी करायची, बुजवलेलं पाणी पुन्हा उघडं करायचं, काठाने झाडं, पायवाट, सायकलींचा रस्ता. तिने मला चित्रंही दाखवली. चित्रांतली माणसं सगळी तरुण आणि सगळी रिकाम्या हातांची. एकाच्याही हातात गाठोडं नव्हतं की पिशवी नव्हती. त्यांच्यामधून निळाभोर ओढा वाहत होता, आणि जिथून वाहत होता तिथे आमची गल्ली होती.

"जमिनीत भोकं पाडून बघितलं. खाली गोटे आहेत, वाळू आहे. ओढा होता हे आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "पण कायद्याला नोंद लागते. नोंदीत हा नकाशा आहे आणि नकाशात ओढा नाही. गिरवणारं माणूस जिवंत असेल आणि सुनावणीत सांगेल, तर ती नोंद होते."

"आणि गल्ली?"

"गल्लीला याच भागात घरं मिळणार. मी स्वतः लिहिलंय तसं. आणि मावशी, ओढा सगळा उघडणार. डोंगरापासून नदीपर्यंत. गल्लीच्या खालच्या अंगाला ते अठरा मजली संकुल आहे ना, त्याचं तळघरसुद्धा ओढ्यातच बसलंय, तेही रिकामं करायला लागेल." ती पुढे झुकली. "तीन वर्षांपूर्वी इथे काय झालं ते तुला मी सांगायला नको."

ते मला कुणीच सांगायला नको होतं.

आमच्या गल्लीत पाणी वरून येत नसे, खालून येई. फरशीच्या सांध्यांतून आधी ओल दिसायची, मग बुडबुडे. बायका म्हणायच्या, घराला घाम फुटला. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी दोन तासांत ते कमरेपर्यंत चढलं. इस्त्रीवालीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. अर्धांगवायूने तो वर्षभर तळमजल्यावरच्या खोलीत पडून होता. ती तयार कपडे पोचवायला गेली होती आणि नेहमीप्रमाणे बाहेरून कुलूप लावून गेली होती, कारण उघड्या दारातून कुत्री शिरून त्याच्या अंथरुणात बसायची. ती परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधून लोकांना अडवलं होतं. महापालिकेने अहवाल दिला की रहिवाशांनी कचरा टाकून गटार तुंबवलं.

इस्त्रीवालीने अहवाल वाचला नाही. तिने आपलाच अहवाल केला होता. रोज दुपारी माझ्याकडे चहाला यायची आणि मध्येच कप खाली ठेवून म्हणायची, "बाई, कुलूप मी लावलं होतं गं."

मी म्हणायची, "कुलपाचं मनाला लावून घेऊ नकोस."

तीन वर्षं मी हे एकच वाक्य म्हणत होते.

आता त्या शीटची गोष्ट. मी ती पुष्कळ वर्षं स्वतःला वेगळी करून सांगितली. वरच्या साहेबांनी मुद्दाम गाळायला लावलं, अशी. ती खोटी आहे.

ओढा आठ महिने कोरडा असे. मी लहान असताना आम्ही त्याच्या गोट्यांवरून उड्या मारत शाळेत जायचो. उरलेले चार महिने आया काठावर उभ्या राहून एकेकीला हाताला धरून पलीकडे काढायच्या. काठाला वाळुंजाची झाडं होती, त्यांची मुळं पाण्यात लोंबायची. आमच्या नियमात बारमाही पाणी अखंड रेघेने काढायचं आणि असा कोरडा ओढा तुटक रेघेने. जमिनीखालची गटारंही तुटकच. ब्लेडसाहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत, "अखंड म्हणजे आहे आणि दिसतंय. तुटक म्हणजे आहे, पण दिसत नाही. एवढं डोक्यात शिरलं की नोकरी पक्की."

तुटक रेघा मात्र सगळ्यात शेवटी घ्यायच्या. दर वेळी पेन उचलावं लागतं, उचललं की थेंब पडायची भीती, आणि ओल्या थेंबावरून मनगट गेलं की आठवड्याचं काम मातीत. "तुटक रेघ आणि सासूला उत्तर, दोन्ही सगळं आवरल्यावर," असं आमच्यातली एक म्हणायची.

त्या दिवशी सतरा नंबरची शीट माझ्या टेबलावर पुरी झाली होती. रस्ते, घरं, विहिरी, अक्षरं, बाण, बाणातले दोन ठिपके. फक्त ओढा राहिला होता. चार वाजता निरोप आला की भाचीला ताप चढलाय. मी शीटवर पातळ कागद टाकला आणि निघाले. सकाळी येऊन ओढा घेणार होते, तासाभराचं काम. सकाळी आले तर टेबल रिकामं. मंत्र्यांना दाखवायची घाई होती म्हणून संध्याकाळीच शिपायाने सगळ्या टेबलांवरची कापडं गोळा करून छपाईला नेली होती. बाणात खूण आहे म्हणजे काम झालं, हे त्यालाही माहीत होतं. खूण शेवटी करायची असते. मी आधी करून ठेवली होती.

ब्लेडसाहेब छापील प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"झालं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

त्या महिन्यात मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. घरात चार वर्षांचं तापलेलं पोर होतं.

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही.

वर्षभराने त्याच शीटवर भूखंड पाडले गेले. महापालिकेचे खालचे नोकर आणि छोटे धंदेवाले यांच्यासाठी. नऊ नंबरचं घर मला मिळालं. मी घेतलं. ओढ्याचं पाणी वरच्या रस्त्याने वळवलंय असं कुणीतरी म्हणालं होतं, ते मी धरून ठेवलं. माणसाला घर पाहिजे असलं की तो काहीही धरून ठेवतो.

भाची गेली आणि तासाभरात ड्रायव्हर आला. बस चालवून निवृत्त झालेला, गल्लीच्या समितीचा अध्यक्ष. त्याने शीट सतराची प्रत आधीच मिळवून काचेत बसवून घेतली होती आणि ती काखेत घेऊन तो घरोघर फिरत होता.

"बाई, हे बघा! तुमच्या खोलीतला नकाशा. कुठाय ओढा? ठेवा बोट, दाखवा! बस घालता येईल एवढी जागा आहे, पण ओढा नाही."

"दिसत नाहीये खरा," मी म्हटलं.

"दिसत नाही म्हणजे नाहीच! परवा सुनावणीत तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की त्या वेळी नकाशे कसे काटेकोर असायचे. केसाएवढी चूक नाही. तुमची भाची साहेब झाली असली तरी तुम्ही गल्लीच्या आहात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमची ही म्हणत होती, भाचीपुढे बाईंचं तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, बाईंना तू ओळखत नाहीस."

त्याच्या मागून इस्त्रीवाली आली. हातात माझे धुतलेले, इस्त्री केलेले कपडे. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ती कॉलरच्या आत काळ्या शाईने खूण करायची, घराचा आकडा किंवा एखादं अक्षर, ती पक्की शाई कपडा फाटेपर्यंत जात नसे. माझ्या कपड्यांना चाळीस वर्षांत एकदाही खूण केली नाही. सुरुवातीला मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तुझ्या कपड्यांना कशाला खूण? तुझे मी वासावरून ओळखते. शाईचा वास येतो."

ती बसली. चहा घेतला. ड्रायव्हर गेल्यावर म्हणाली, "सांगशील ना गं? मला इथून हलायचं नाही. त्या खोलीत त्याची घड्याळं भिंतीवर आहेत. सगळी बंद आहेत, पण आहेत. दुसरीकडच्या भिंतीवर ती नुसती बंद घड्याळं होतील."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाच कळलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा, माझ्या स्वयंपाकघरात, दोघीच असताना. तिचा हात हातात घेऊन. मी तिला बिस्किटं पुढे केली.

सुनावणी महापालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती. समोर पडद्यावर ती चित्रं, रिकाम्या हातांची तरुण माणसं. टेबलामागे सुनावणी अधिकारी, बाजूला भाची, फायलींच्या मागे. पहिल्या रांगेत संकुलाचा वकील पाय लांब करून बसला होता. तो सकाळपासून एक शब्द बोलला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ड्रायव्हर बोलायला उठला. काचेतला नकाशा त्याने डोक्यावर धरला. "साहेब, चाळीस वर्षं बस चालवली. जिथे रस्ता नाही तिथे कधी घातली नाही. तुम्ही तर जिथे ओढा नाही तिथे पाणी घालताय!"

गल्ली हसली. टाळ्या पडल्या. इस्त्रीवाली माझ्या शेजारी बसली होती. तिनेही टाळी वाजवली, मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "ऊठ. तुझी पाळी."

मी उठले. अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, तुम्ही नकाशाखोलीत होतात?"

"एकतीस वर्षं."

"हा नकाशा कुणी गिरवला सांगता येईल?"

"मी. बाणाच्या शेपटीत दोन ठिपके आहेत, ती माझी खूण."

"मग हा नकाशा बरोबर आहे?"

ड्रायव्हरने दोन्ही हातांनी नकाशा आणखी उंच केला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मूळ कागदावर ओढा होता. तुटक रेघेने. माझ्या हातून गिरवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मला कळलं आणि मी सांगितलं नाही."

खोलीत कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ड्रायव्हरने नकाशा हळूहळू खाली आणला आणि स्वतःच त्यात डोकावून बघितलं, जणू ओढा आता तरी दिसेल. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, सही करायला सांगितली. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला माझा अभिमान वाटत होता. मला वळून शेजारच्या खुर्चीकडे बघायचं धाडस झालं नाही, आणि बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

ती जिन्यावर बसली होती. मी दोन पायऱ्या वर थांबले.

"तू पोरीच्या तापासाठी घरी गेलीस, ते ठीक," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नोकरीसाठी गप्प बसलीस, तेही ठीक. मीही बसले असते. पण तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून चहा प्यालीस. मी म्हणायची कुलूप मी लावलं, तू म्हणायचीस मनाला लावून घेऊ नकोस. कशामुळे लावून घेऊ नको, तेवढं सांगितलं नाहीस."

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"तू यायची बंद होशील याची."

ती कठड्याला धरून उठली. "मग आता नाही वाटणार," असं म्हणून खाली उतरून गेली.

भाची म्हणाली, वेळ जाऊ दे. वेळ गेला. चौदा महिने गेले. ड्रायव्हरच्या दारावरून जाताना तो बायकोला मोठ्याने सांगायचा, "दार लाव गं, इतिहास चाललाय." गल्लीतल्या मुलांनी माझ्या पायरीवर खडूने तुटक रेघ काढली. मी ती पुसली नाही. त्यांची बरोबर होती, माप आणि अंतरासकट.

मग मंजूर आराखडा आला. भाची तो गुंडाळी करून घेऊन आली आणि पुन्हा तशीच बसली, पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. मीच गुंडाळी सोडली.

आमची गल्ली नव्हती. तिच्या जागी अखंड निळी रेघ, दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा. हातभर सुंदर नकाशा. रेघ वरून आली, गल्लीतून वाहिली आणि खाली अठरा मजली संकुलापाशी पोचली. तिथून पुढे ती तुटक होती.

"हे काय?" मी विचारलं.

"तिथे जमिनीखालून पाइप आहे. सध्या तसाच ठेवायचं ठरलंय. हा पहिला टप्पा आहे मावशी."

"पाइप केवढा?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मी ओढा पाहिलाय. चार महिने तो आठ हात रुंद असायचा. पाइपात मावला नाही तर पाणी थांबणार कुठे?"

"बागेत," ती म्हणाली. तिला अचानक बोलायला सोपं गेलं, कारण हा भाग तिला पाठ होता. "बाग तशीच केलेली असते. खोलगट. पाणी आलं की ती भरून घेते, मग हळूहळू सोडते. जगभर करतात. पायवाट बुडाली तरी काही बिघडत नाही, तिथे कुणी राहत नसतं."

"आता राहत नाही."

"हो. म्हणजे…"

"म्हणजे आम्हाला उठवलं ते ओढ्यासाठी नव्हे. त्यांचं तळघर कोरडं राहावं म्हणून. पाणी थांबायला जागा हवी होती, ती आमची."

"मी भांडले मावशी. शेवटपर्यंत भांडले. घरांसाठीही भांडले. याच भागात जागा नाही म्हणाले."

"बाण दाखव."

"काय?"

"उत्तरेचा बाण."

तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. नीटस, काळा, गुळगुळीत बाण. आत काहीच नव्हतं.

"हा कुणी काढला?"

"कुणी काढत नाही आता. कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो."

"आणि खालची सही?"

"माझी." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तू कायम होण्यासाठी गप्प बसलीस. मी अर्धा तरी ओढा उघडावा म्हणून बसले. तू मला बोलू नकोस."

तिचं खरं होतं. म्हणून मी बोलले नाही. चहा टाकला. तिने घेतला नाही.

आम्हाला शहराच्या टोकाला घरं मिळाली. बसने सव्वा तास. चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. मला चौदावा मजला आला, इस्त्रीवालीला सहावा, ड्रायव्हरला तळमजला, त्यावर तो म्हणाला की निदान इथे पाणी आलं तर वरून येईल. खिडकीतून मला शहर दिसतं, सगळं एकाच वेळी, नकाशासारखं. मी बघत नाही.

बाग पुरी झाल्यावर भाची मला एकदा घेऊन गेली. खरंच सुंदर झाली आहे. मी खोटं बोलणार नाही. पाणी गोट्यांवरून वाहतं आणि काठाला वाळुंज लावलेत, ते अजून गुडघ्याएवढे आहेत. माझं घर होतं तिथे एक बाक आहे. फलकावर लिहिलंय की हरवलेला ओढा जागरूक नागरिकांच्या मदतीने परत मिळाला. संकुलातल्या बायका कुत्री फिरवायला येतात. एक कुत्रं इस्त्रीवालीच्या खोलीच्या जागेवर बसलं होतं. त्याला आता कुणी कुलूप लावून अडवत नाही.

नव्या इमारतीत इस्त्रीवालीचा धंदा चालला नाही. गल्लीतली तिची जिन्याखालची टपरी गेली, रस्त्यावरून दिसेल असं दुकान उरलं नाही, सहाव्या मजल्यावर कोण कपडे घेऊन चढणार. तिने दारावर पुठ्ठा लावला, इस्त्री करून मिळेल. मला लिफ्टमध्ये ती तीनदा भेटली. तिन्ही वेळा तिने आकड्यांच्या बटणांकडे बघितलं.

मागच्या आठवड्यात मी माझे चार कपडे चादरीत बांधले आणि तिच्या दारापाशी गेले. घंटा वाजवली. तिने दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर सगळी घड्याळं टांगलेली दिसली.

"इस्त्रीला," मी म्हटलं.

तिने गाठोडं घेतलं. "उद्या मिळतील," म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. घंटा वाजली नव्हती. कपडे पूर्वीसारखेच होते. बाह्यांची घडी सुरीसारखी, एक सुरकुती नाही. हात तसाच आहे तिचा अजून.

मी पहिला कपडा उलगडला. कॉलरच्या आत काळ्या शाईने लिहिलं होतं, १४०६. माझ्या घराचा आकडा. दुसऱ्यावर तोच. चारही कपड्यांवर.

आकडे सुबक होते. शाई कुठे पसरली नव्हती, पेन उचलताना एकही थेंब पडला नव्हता. ब्लेडसाहेब असते तर त्यांना आवडलं असतं. त्यांचं एक जुनं ब्लेड माझ्या खणात अजून आहे, आणि कापडाला भोक न पाडता शाई कशी काढायची ते मला येतं. मी खण उघडला. ब्लेड हातात घेतलं. मग तसंच परत ठेवलं आणि कपडे कपाटात लावून टाकले.